भर उन्हातली डिलिव्हरी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळ्यात माल पोचवणाऱ्यांच्या अडचणी लिहून पाठवा, असं आम्ही ग्वाल्हेरच्या वाचकांना मागच्या अंकात सांगितलं होतं. लष्कर, मुरार, हजीरा, थाटीपूर इथून पत्रं आली, मालनपूरला रोज ये-जा करणाऱ्यांचीही आली. गाडीच्या प्रश्नांना वाहनदुरुस्तीतल्या जाणकारांनी आणि तब्येतीच्या प्रश्नांना डॉक्टरांनी उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी डिझेल पिकअप आहे. दाल बाजारातून किराणा भरला आणि बाड्याजवळच्या गर्दीत अडकलो की तापमानाचा काटा लाल खुणेला टेकतो. मालनपूरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो की आपोआप खाली येतो. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (गरम पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकलं, फरक पडला नाही. आता रेडिएटर बदला म्हणतो. बदलू का? (एक वाचक, दाल बाजार)

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणातच अर्धं निदान आहे. उभ्या गाडीत तापतं आणि धावत्या गाडीत निवतं, म्हणजे पाणी फिरतंय, पण रेडिएटरमधून हवा जात नाहीये. गाडी धावताना ती हवा रस्ता देतो, गर्दीत ती पंख्यानं द्यायची असते. म्हणून आधी पंखा पाहा. विजेचा पंखा असेल तर इंजिन पुरतं तापल्यावर तो सुरू होतो का ते बघा. होत नसेल तर फ्यूज, मग रिले, मग तापमानाचा सेन्सर आणि शेवटी मोटर, या क्रमानं तपासा. स्वस्त भाग आधी येतात. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटं लांब ठेवा. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर पट्टा सैल झालाय का पाहा. पंख्याला व्हिस्कस क्लच (इंजिन तापल्यावर पंख्याला घट्ट धरणारा जोड) असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हातानं फिरवा. अडखळत फिरला तर ठीक, भिरभिर फिरला तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं फुटलेलं असलं तरी हवा बाजूनं निसटते. अपघातानंतर हे कडं बसवायचं अनेकदा राहून जातं.

पंखा बरा निघाला तर रेडिएटरच्या जाळीकडे वळा. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या आंधीत धूळ आणि भुसा त्यात घट्ट बसतो. एसी असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचऱ्याचा नमदाच तयार होतो, समोरून तो दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबानं मारा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा पातळ पत्रे वाकवतो आणि होती ती वाटही बंद करतो.

लक्षण उलटं असतं, म्हणजे गावात ठीक आणि भरल्या गाडीनं चढावर किंवा हायवेवर तापणं, तर रेडिएटर आतून चोंदल्याचा किंवा कूलंट कमी असल्याचा संशय घेतला असता. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कडक गरम आणि खालचा थंड असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही. कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसणं ही हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याची खूण आहे. अशी गाडी चालवूच नका.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवून घ्या. ते साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतं. काढून टाकलं की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतं. ते नसलं की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. थंड करण्यासाठी केलेला उपाय भर उन्हाळ्यात तापवतो तो असा.

आता पाण्याबद्दल. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७-१०८ अंशांना उकळतं. झाकणाचा एक बारच्या आसपासचा दाब मिळाला की उकळण्याची पातळी १२५ अंशांच्याही वर जाते. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की सगळं ठीक असूनही गाडी पाणी फेकते. रेडिएटर बदलण्याआधी झाकण बदलून पाहणं हा सगळ्यांत स्वस्त प्रयोग आहे. हिरवं आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण वेगानं लावा. केबिनमध्ये जीव नकोसा होईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनची उष्णता ओढून बाहेर टाकतो. खिडक्या उघड्या ठेवून सावली गाठा. वाफ येत नसेल आणि पंखा चालू असेल तर एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. वाफ दिसली किंवा पाणी सांडत असेल तर जिथे आहात तिथेच, तत्काळ बंद. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. दाबाखालचं पाणी उघडताक्षणी तोंडावर उसळतं आणि चेहरा, मान, हात भाजतात. वरचा होज दाबून मऊ आणि कोमट लागला की जाड फडकं ठेवून झाकण आधी थोडंच फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. गरम इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड वाकडं होतं. घाई झालेल्या माणसाचं सगळ्यांत मोठं बिल इथेच होतं.

प्रश्न : माझे यजमान छोटा हत्ती चालवतात. इंजिन सीटखाली असल्यानं मांड्या लालबुंद होतात, संध्याकाळी डोकं दुखतं. ट्रकला एसी सक्तीचा झाला म्हणतात. आमच्या गाडीला तो नियम लागू आहे का? (एक वाचक, मुरार)

उत्तर : ताई, नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. एन-२ म्हणजे साडेतीन टनांहून जास्त ते बारा टनांपर्यंतचं एकूण वजन, एन-३ त्याहून मोठे. छोटा हत्ती आणि शहरात माल वाटणाऱ्या बहुतेक लहान गाड्या साडेतीन टनांच्या आतल्या, म्हणून नियमाबाहेर. हे आम्हाला पटत नाही. गल्लोगल्ली थांबत, दारं उघडत-मिटत, सीटखाली इंजिन घेऊन जाणाऱ्या माणसाला गार केबिनची गरज लांब पल्ल्याच्या चालकाहून तिळभरही कमी नाही.

पण सीटखालची धग कमी करता येते. ती पत्र्यातून येते त्याहून जास्त फटींतून, गरम हवेच्या रूपात येते. इंजिनच्या झाकणाखालचं रबर बीडिंग चपटं झालेलं असतं, एखादी क्लिप तुटलेली असते, गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं असतं, वायर गेलेल्या भोकाचं बूच गायब असतं. रात्री एकानं खालून टॉर्च मारावा, दुसऱ्यानं केबिनमध्ये बसून पाहावं. जिथून उजेड येतो तिथून धग येते. बीडिंग आणि बुचं नवी बसवली की पहिल्याच दिवशी फरक कळतो. त्यानंतर झाकणाच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा थर असलेली हीट-शील्ड शीट लावता येते. तिथे फोम, गालिचा किंवा पोतं कधीही कोंबू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीला) लागून ते पेट घेतात.

डोकेदुखी हलक्यात घेऊ नका. ती उन्हाची असू शकते, पण मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो. त्यानं डोकं जड होतं, गुंगी येते, मळमळतं. इंजिन सुरू करताना फट्-फट् असा बारीक आवाज येतो का, जोडाजवळ काजळी दिसते का, हे याच आठवड्यात तपासून घ्या. गाडी चालवताना दुखणारं डोकं मोकळ्या हवेत तासाभरात थांबत असेल तर हा संशय अधिक पक्का.

रेक्झिनच्या सीटवर सुती कव्हर किंवा लाकडी मण्यांची चटई घालावी, पाठीला हवा मिळते. उन्हात बंद उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांतच आतून साधारण दहा अंशांनी आणि तासाभरात वीसेक अंशांनी बाहेरपेक्षा जास्त तापते. म्हणून बसण्याआधी दोन्ही दारं मिनिटभर उघडी ठेवायची, स्टिअरिंगवर ओला पंचा टाकायचा, थांबताना समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावायचा. काळी फिल्म नको. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, असा नियम आहे. पुढची गाडी घ्याल तेव्हा पांढरी घ्या. मांड्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटू लागले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रोजच्या धगीनं तसं होतं आणि मलम लावण्याआधी ती धग थांबवावी लागते.

प्रश्न : थाटीपूर-सिटी सेंटर भागात दुचाकीवरून जेवण पोचवतो. दिवसाला पाच लिटर पाणी पितो, तरी संध्याकाळी पिंढऱ्यांत गोळे येतात, डोकं धरतं, मळमळतं. आणखी पाणी वाढवू का? (एक वाचक, थाटीपूर)

उत्तर : नुसतं पाणी वाढवू नका. तुमच्या लक्षणांवरून पाण्यापेक्षा मीठ कमी पडत असावं. उन्हात राबताना तासाला लिटरभर घाम जाणं नवल नाही. त्या लिटरबरोबर सुमारे एक ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास अर्धा चमचा मीठ जातं. भरपाई फक्त साध्या पाण्यानं केली तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. त्यानं डोकं दुखतं, ओकारी येते, गोळे येतात. माणूस समजतो पाणी कमी पडलं आणि अजून पितो. फार टोकाला गेलं तर भ्रम होतो, झटके येतात.

पाण्याची चाल अशी ठेवा : दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिलिटर. तहान लागण्याची वाट पाहायची नाही. आणि तासाला दीड लिटरच्या वर जायचं नाही, कारण त्याहून जास्त पाण्यानं रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीपर्यंत पातळ होऊ शकतं. घाम फार गेला त्या दिवशी यातलं लिटर-दोन लिटर मीठ-साखरेचं असावं. दुकानातलं ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात घालून ढवळणं चूक, तसं दाट मिश्रण आतड्यात उलट पाणी ओढतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सुरीनं सपाट केलेला. अंदाजानं टाकू नका. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावानं खपत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या.

कैरीचं पन्हं, मीठ-जिरं घातलेलं ताक, शिकंजी, पातळ सातू ही सगळी चांगली. पन्ह्यात मीठ मात्र खरोखर पुरेसं पडायला हवं. चहा दोन-तीन कप चालतो. एनर्जी ड्रिंकनं थकवा जात नाही, फक्त त्याची जाणीव लांबते, आणि भर उन्हात ती जाणीवच तुम्हाला वेळेवर थांबवते.

पुरतंय की नाही हे पाहायचा खात्रीचा मार्ग वजनकाटा आहे. सकाळी निघताना आणि परतल्यावर, घामाचे कपडे काढून, वजन करा. एक किलो कमी म्हणजे एक लिटर तूट. साठ किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलो घटलं की हात-पाय आणि डोकं दोन्ही मंदावतात, आणि दुचाकीवर ते धोक्याचं. वजन वाढलं असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं. लघवी फिकट पिवळी असावी. गोळे येऊन गेल्यावर ती कोलासारखी काळपट झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, स्नायू तुटून मूत्रपिंडांवर भार येत असतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ आणि मधुमेह असलेल्यांनी साखर डॉक्टरांना विचारूनच वाढवावी.

प्रश्न : खिशात कांदा ठेवल्यानं लू लागत नाही का? ओला पंचा बांधून गाडी चालवणं बरं की वाईट? हेल्मेटमध्ये डोकं शिजतं, काय करावं? (तीन पत्रं, लष्कर आणि हजीरा)

उत्तर : खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. जेवणात खुशाल खा.

ओला पंचा मात्र ग्वाल्हेरच्या कोरड्या लूमध्ये उत्तम. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, आणि मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ते झपाट्यानं वाळतं. पण पंचा दहा-पंधरा मिनिटांत कोरडा होतो. म्हणून तो भिजवायला एक वेगळी बाटली गाडीला ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर मान, छाती, मनगटं ओली करा. अंगाची कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून गरम असली की उघड्या हातावर लागणारा वारा अंगात उष्णता भरतो. म्हणून चाळीसच्या वर सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदराच बरा. जूनच्या शेवटी पावसाळी दमट हवा आली की हा उपाय लंगडा पडतो. पंचा ओलाच राहतो आणि गारवा मिळत नाही. तेव्हाचे ३८ अंश मेच्या ४४ पेक्षा जड जातात, आणि तिथे सावली व विश्रांती यांना पर्याय नाही.

हेल्मेट काढायचं नाही. आत पातळ सुती टोपी घाला, दोन जवळ ठेवा, एक वाळेल तोवर दुसरी. अस्तर आठवड्याला धुवा. रंग फिकट आणि आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं घ्या. गरम वाऱ्यात काच बोटभर फट ठेवून खाली असू द्या, डोळे कोरडे पडत नाहीत.

प्रश्न : पंक्चरवाले म्हणतात, उन्हाळ्यात टायरमधली हवा पाच-सहा पौंड कमी ठेवा, म्हणजे फुटत नाही. (एक वाचक, ट्रान्सपोर्टनगर)

उत्तर : याच सल्ल्यानं टायर फुटतात. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, त्या वाकण्यातून आत उष्णता तयार होते, थर सुटतात आणि मग स्फोट होतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पौंड वाढतो. कंपनीनं हा हिशेब धरूनच आकडा दिलेला असतो. तो दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांचा आकडा वेगळा असतो, तो पाळा. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजा. दुपारी तापल्या टायरची हवा सोडू नका, रात्री तो बसलेला मिळेल. टायरवरच्या चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर नक्षी शिल्लक असली तरी तो टायर उतरवा. रिमोल्ड (नवी नक्षी चढवलेला जुना) टायर पुढच्या चाकांना नको.

प्रश्न : माझं घाऊक दुकान आहे, सहा मुलं माल पोचवतात. गेल्या उन्हाळ्यात एक नवा मुलगा तिसऱ्याच दिवशी चक्कर येऊन पडला. जुने टिकतात, नवे का पडतात? आणि पडला तर नेमकं काय करायचं? (एक वाचक, दौलतगंज)

उत्तर : पत्रं बरीच आली, पण हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

उन्हाची सवय शरीराला सात ते चौदा दिवसांत होते. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. नव्या मुलाकडे यातलं काही नसतं, आणि तो नवा असल्यानं थांबायलाही लाजतो. म्हणून पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या कामाच्या २० टक्केच उन्हातलं काम द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. उरलेला वेळ माल बांधणं, पावत्या अशी सावलीतली कामं. जुना माणूस आठवडाभर गावी जाऊन आला तर त्याचीही सवय उतरलेली असते. त्याला ५० टक्क्यांपासून सुरू करा, चौथ्या दिवशी पूर्ण काम.

वेळापत्रक सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाचनंतर असं बांधा. साखरेची पोती, तेलाचे डबे, जिन्यावर चढवायचा माल सकाळीच. भार घेऊन जिना चढताना शरीर स्वतःच भट्टी होतं, त्यात बाहेरची भट्टी मिसळू नका. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो, तो पोचवणाऱ्यांनाही हेच लागू. दुपारी जावंच लागलं तर जवळचा, हलका माल आणि दोघं मिळून. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांना पोचलं की हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो, ४७ ला तीव्र लाट. त्या दिवशी दुपारच्या फेऱ्या बंदच ठेवा. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रात्रीही निवत नाही, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस सकाळीच थकलेला येतो. तेव्हा तापमान तेच असलं तरी काम कमी करा.

आणि मजुरीकडे पाहा. फेरीवर पैसे मिळत असतील तर माणूस आपली विश्रांती विकतो, त्याला दोष देता येत नाही. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत दुपारच्या तासांची हजेरी बांधून द्या. दुकानात कूलरसमोर एक खाट, माठ, ओआरएसची पाकिटं, एक बादली आणि बर्फ मिळण्याची सोय एवढं हवंच.

आता पडल्यावर. घाम खूप, चेहरा पांढरा, चक्कर, ओकारी, पण बोलणं शुद्ध असेल तर तो उन्हाचा थकवा. सावलीत आडवा करा, पाय उंच, कपडे सैल, अंग ओलं करून वारा घाला, घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नका.

असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या देतो, झटके येतात किंवा शुद्ध नाही आणि अंग चटका बसेल असं गरम, म्हणजे उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडं असेलच असं नाही. राबताना आलेल्या उष्माघातात घाम चालूही असतो, आणि घाम आहे म्हणून लोक निश्चिंत राहतात. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. थंड करणं आधी, नेणं नंतर. कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत बादल्यांनी पाणी ओता, कूलर किंवा पंख्याचा वारा सोडा, मान, काखा आणि जांघा यांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. रुग्णवाहिकेतही पाणी मारणं चालू ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. क्रोसिनसारखी पॅरासिटॅमॉलची गोळी इथे निरुपयोगी, कारण हा ताप जंतूंचा नाही. लष्कर भागात असाल तर जयारोग्य रुग्णालय जवळ आहे, पण पहिल्या दहा मिनिटांतलं पाणी तुमच्याच हातून पडायला हवं.

मुलांना कामावर घेताना औषधं विचारा. सर्दीच्या ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, बीटा-ब्लॉकर (हृदय-रक्तदाबाच्या गोळ्या) आणि मानसिक आजारांवरची काही औषधं घेणाऱ्यांना ऊन लवकर लागतं. औषध बंद करायचं नाही, काम बदलायचं.

प्रश्न : मी स्कूटरवरून पार्सल पोचवते. स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पाणी पीत नाही. पाठीवरच्या पिशवीनं पाठ घामानं भिजलेली असते. (एक वाचक, गोला का मंदिर)

उत्तर : पाणी तोडू नका. लघवीचा संसर्ग, मुतखडा आणि ऊन लागणं या तिन्ही गोष्टी तिथूनच सुरू होतात. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोफत द्यावीच लागते. पेट्रोल भरण्याची अट नाही. आपल्या भागातले स्वच्छ पंप नकाशावर खूण करून ठेवा आणि फेऱ्या त्यांच्याभोवती बांधा, मैत्रिणींनाही ती यादी द्या. कुलूप असेल तर चावी मागा, हक्कानं मागा. जळजळ किंवा ताप आला तर थांबू नका, लघवीची तपासणी करून घ्या.

पाठीवरची पिशवी घाम वाळू देत नाही, म्हणजे शरीराचा सगळ्यांत मोठा गारवा झाकून टाकते. मागच्या कॅरिअरवर पेटी बसवा. ते शक्य नसेल तर पिशवी मागच्या सीटवर टेकेल इतके पट्टे सैल करा आणि पाठ व पिशवी यांत जाळीची गादी घाला.

तुम्ही ॲपवरून काम करत असाल तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नाव नोंदवून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीसाठी देण्याची तरतूद आहे. लाभ मिळायचा तर नाव नोंदलेलं असायला हवं.

प्रश्न : ई-लोडर दुपारी चार्जिंगला लावला तर अर्ध्यावर थांबतो. बॅटरी खराब झाली का? (एक वाचक, हजीरा)

उत्तर : बहुधा नाही, ती स्वतःला वाचवते आहे. लिथियम सेल चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांची असते. भरल्या गाडीनं आलेली बॅटरी त्याहून गरम असते, वर पत्र्याची शेड. बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस चार्जिंग तोडतो ते बरोबरच. आल्या आल्या लावू नका, सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्या. मोठं चार्जिंग पहाटेकडे न्या, दुपारी लागेल तेवढंच. रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवलं तर आयुष्य वाढतं. वरून पाणी ओतू नका, ओलं पोतं टाकू नका. कंपनीचाच चार्जर वापरा, आणि जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको, आग लागली तर घरचे आत अडकतात. पहाटे थंड असतानाही चार्जिंग तुटत असेल, बॅटरी फुगली असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर गाडी मोकळ्या जागी उभी करून सर्व्हिस सेंटरला कळवा.

प्रश्न : उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो का? मोबाइल हँडलवर इतका तापतो की नकाशा बंद पडतो. (दोन पत्रं)

उत्तर : स्फोट होत नाही, टाकीत पेट्रोल पसरायला जागा सोडलेली असते. नोझल आपोआप बंद झाल्यावर मात्र वरून आणखी भरू नका, उन्हात उभ्या गाडीतून ते गळतं.

मोबाइल तापतो तो उन्हानं, पूर्ण उजेडानं आणि त्याच वेळी चालू चार्जिंगनं. चार्जिंग सावलीत थांबल्यावर करा, होल्डरला वरून छोटी टोपी लावा, काळं जाड कव्हर काढा, नकाशा आधीच उतरवून ठेवा. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, आत दव धरतं.

प्रश्न : मी औषधांच्या दुकानातून घरपोच औषधं देतो. इन्सुलिन बर्फात ठेवून नेलं तर चालेल ना? (एक वाचक, कंपू)

उत्तर : बर्फाला टेकवून नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. गोठलं की ते वाया जातं, आणि वितळल्यावर बऱ्याचदा दिसायला पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून रुग्ण तेच टोचून घेतो आणि साखर उतरत नाही. जेल पॅक फ्रीझरमधून काढून पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येईपर्यंत बाहेर ठेवा, मग पेटीत तळाशी आणि बाजूंना लावा. मध्ये पुठ्ठा किंवा कापड घाला आणि इन्सुलिन खोक्यासकट मधोमध ठेवा. पेटीत छोटा थर्मामीटर असू द्या. एसी नसलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत पाच मिनिटांसाठीही नको, डिकीखाली इंजिन असतं. घरी कोणी नसेल तर दाराला पिशवी अडकवून येऊ नका, औषध दुकानात परत आणा. थैलीवर निघाल्याची वेळ लिहा. ती वेळ आणि पेटीतलं तापमान ग्राहकाला देताना दाखवा, आणि आकडा ८ च्या वर किंवा २ च्या खाली गेलेला असेल तर न देता फार्मासिस्टला विचारा.